सोसायटीच्या फायर सेफ्टीचे पैसे कुठे लावायचे आणि कुठे वाचवायचे

एजीएममध्ये, म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेत, फायरच्या कामाचं कोटेशन वाचून झालं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "यात कमी काय करता येईल?" प्रश्न रास्त आहे, पैसे शेवटी सगळ्यांच्या मेंटेनन्समधूनच जाणार. पण मग होतं काय की तळाची रक्कम बघून कापाकापी सुरू होते, ज्याचं नाव कळत नाही ते आधी उडतं, आणि डक्ट सीलिंग, फायर डोअर ही नावं कुणालाच कळत नाहीत, लाल सिलिंडर सगळ्यांना माहीत असतात म्हणून ते राहतात. मी बरीच वर्षं बिल्डिंगच्या फायर डिझाइनच्या कामात आहे, राहते ठाण्यात, स्टिल्ट (खाली खांबांवरचं पार्किंग) अधिक सात मजल्यांच्या २८ फ्लॅटच्या जुन्या सोसायटीत, आणि दोन वर्षं कमिटीवर होते, त्यामुळे कोटेशन देणाऱ्यांची बाजूही बघितलीय आणि चेक फाडणाऱ्यांचीही. कमी पैशात निर्णय कसा घ्यायचा ते इथे सांगते. आकडे जिथे येतील तिथे ते फक्त हिशोब कळावा म्हणून आहेत, तुमच्या बिल्डिंगचे आकडे तुम्हालाच काढावे लागतील.

सगळ्यात आधी कागद शोधा. ऑफिसच्या कपाटात बिल्डिंगची फायर एनओसी (अग्निशमन विभागाचा ना-हरकत दाखला) आणि मंजूर प्लॅन असायला हवेत, नसतील तर बिल्डरकडे किंवा पालिकेकडे अर्ज करून कॉपी मागवा. त्या एनओसीत जे लिहिलंय, म्हणजे रायझर (आगीच्या पाण्याचा खालून वर जाणारा पाइप), होज रील (गुंडाळून ठेवलेली पाण्याची नळी), पंप, टाकीतलं राखीव पाणी, त्यावर घासाघीस करायची नाही, तो वादाचा विषयच नाहीये. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ प्रमाणे ही यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची, म्हणजे आपलीच, आणि वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, लायसन्स असलेल्या एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचा दाखला, घेऊन अग्निशमन विभागाला द्यायचा असतो. नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ मध्ये १५ मीटर किंवा त्याहून उंच बिल्डिंग हायराइज धरलीय, त्यामुळे "आपली काय सातच मजल्यांची आहे" असं म्हणून सुटका नाही. हा झाला कमीत कमी खर्च. रिस्क आणि पैशाचं गणित याच्यावरच्या पैशासाठी करायचं, आणि कमीत कमी खर्चातसुद्धा कोणतं काम आधी कोणतं नंतर यासाठी.

आता बिल्डिंग फिरा. कमिटीचे दोघं, एक चांगला वायरमन, आणि जमलं तर एखादे वयस्कर सभासद बरोबर घ्या, कारण जिना उतरताना त्यांना जे दिसतं ते तरुण माणसाला दिसत नाही. दिवसा एकदा फिरा आणि रात्री एकदा. रात्री का तर पार्किंग तेव्हाच भरलेलं असतं, गाड्या चार्जिंगला लागलेल्या असतात, आणि टेरेसचं कुलूप लावलंय का तेही तेव्हाच कळतं. प्रत्येक ठिकाणी उभं राहून दोनच गोष्टी विचारायच्या. इथे आग लागायची शक्यता किती, आणि लागलीच तर धूर कुठे जाईल. दुसऱ्या प्रश्नावर जास्त वेळ द्या. आगीत बहुतेक माणसं ज्वाळांच्या आधी धुराने जातात.

६ ऑक्टोबर २०२३ ला पहाटे गोरेगावच्या जयभवानी इमारतीत काय झालं ते आठवा. तळमजला अधिक पाच मजल्यांची, एसआरएची म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनातली बिल्डिंग, खाली पार्किंगमध्ये दुचाकी आणि जुन्या कपड्यांचे गठ्ठे, आग तिथे लागली आणि धूर वर घरांमध्ये गेला, लोक झोपेत होते. सात-आठ जणांचा जीव गेला, चाळीसच्या वर जखमी झाले. इतकी साधी बिल्डिंग, आपल्यातल्या कितीतरी जणांची अशीच आहे, आणि खाली तसंच सामानही आहे. पार्किंगमधून जिना थेट वर जात असेल, मध्ये दार नसेल, तर त्या जिन्याचं धुराड्यासारखं काम होतं, बाहेर पडायची एकच वाट आणि धुराचीही तीच वाट. म्हणून मी कुठल्याही सोसायटीत गेले की पहिली पार्किंगमध्ये जिन्याच्या तोंडाशी उभी राहते.

फिरताना बघायच्या जागा साधारण सगळीकडे त्याच. मीटर रूम, त्यात ठेवलेले झाडू, रंगाचे डबे, जुनी कागदपत्रं, काळे पडलेले कटआउट. इलेक्ट्रिक डक्ट, म्हणजे खालपासून वरपर्यंत केबल नेणारं ते उभं कपाट, जे प्रत्येक स्लॅबला आरपार उघडं असतं आणि वर इंटरनेटवाले, डिशवाले येऊन आणखी भोकं पाडून जातात. पार्किंगमधलं एक्स्टेन्शन बोर्ड लावून केलेलं ई-स्कूटरचं चार्जिंग. जिन्याच्या लँडिंगवरचे चपलांचे रॅक, जुनी कपाटं, सायकली. घरात म्हणाल तर गॅसची जुनी नळी, एकाच प्लगवर एसी आणि गीझर, देवघरात दिवा लावून बाहेर जाणं. मुंबईत काय नि ठाण्यात काय, आगीच्या बातमीत कारण म्हणून पुन्हा पुन्हा इलेक्ट्रिकच येतं, तेव्हा वायरमनला बरोबर न घेता फिरलात तर अर्धी बिल्डिंग बघितलीच नाही असं समजा.

यादी झाली की मार्क द्यायचे. आग लागायची शक्यता १ ते ५, लागली तर माणसांना धोका १ ते ५, दोन्हीचा गुणाकार. समजा मीटर रूम जिन्याखाली आहे आणि वायरिंग जुनं आहे, शक्यता ४, परिणाम ५, झाले २०. सहाव्या मजल्यावरच्या घरातल्या किचनची आग, शक्यता ४ पण दार बंद असेल तर परिणाम २, झाले ८. पार्किंगमधलं चार्जिंग, शेजारी भंगार, शक्यता ३, परिणाम ५, झाले १५. मग प्रत्येक उपायाने मार्क कितीवर येतात आणि त्याला किती पैसे लागतात ते शेजारी लिहायचं. मीटर रूम नीट करून तिला आगरोधक दार लावायला समजा दीड लाख लागले आणि २० चे ६ झाले, तर लाखाला साधारण ९ मार्क कमी झाले. पार्किंगमध्ये स्प्रिंकलर टाकायला साडेचार लाख, १५ चे ६ होतात, लाखाला फक्त २. तेच भंगार काढून चार्जिंगसाठी वेगळी लाइन, योग्य एमसीबी आणि आरसीसीबी (जादा लोड किंवा विजेची गळती झाली की वीज तोडणारे स्विच), आणि जिन्यापासून लांबची जागा एवढंच केलं तर चाळीस हजारांत १५ चे ८, म्हणजे लाखाला १७ च्या वर. कुठलं आधी करायचं ते एजीएममध्ये भांडल्याशिवाय दिसतं. मार्क अंदाजाने दिलेले असतात हे खरंय, पण दोघातिघांनी वेगवेगळे देऊन मग ताडून बघितले की जिथे फरक पडतो तिथेच चर्चा करायची असते हे लक्षात येतं.

या पद्धतीत एक खड्डा आहे आणि बरेच कन्सल्टंटसुद्धा त्यात पडतात. ५ गुणिले १ पण पाच आणि १ गुणिले ५ पण पाच. दर महिन्याला कुणाच्या तरी किचनमध्ये टॉवेल पेटून विझतो तो पाच, आणि वीस वर्षांत एकदाच पण अख्खा जिना धुराने भरून मुलंबाळं अडकतील तो पण पाच. हे दोन सारखे नाहीत, कागदावर दिसले तरी. म्हणून ज्याचा परिणाम ५ आहे, शक्यता कितीही कमी असो, त्याची वेगळी यादी करा आणि तिथे पैशाने भागाकार करू नका, तिथे विचारायचं "हे आपण अजिबात न करता झोपू शकतो का?" पूर्ण उपाय परवडत नसेल तर अर्धा उपाय तरी हवाच.

पैसे कशासाठी देतोय याचा माझा साधा हिशोब वेळेचा आहे. लोकांना बाहेर पडायला किती वेळ लागतो आणि धूर त्यांना किती वेळ देतो. आमच्याकडे मी एका रविवारी सातव्या मजल्यावरच्या ७४ वर्षांच्या काकूंबरोबर घड्याळ लावून उतरले, साडेचार मिनिटं लागली, दिवसा, उजेडात, गुडघ्याचा पट्टा आधीच बांधलेला. आता हेच पहाटे तीनला धरा, आरडाओरडा कळेपर्यंत, चष्मा सापडेपर्यंत, आजोबांना उठवेपर्यंत आणखी तीन-चार मिनिटं. म्हणजे आठ मिनिटं. आणि जिन्याखालची मीटर रूम उघड्या दारासकट पेटली तर काळा धूर दोन-तीन मिनिटांत वरपर्यंत पोचू शकतो. हा जो मधला पाच-सहा मिनिटांचा खड्डा आहे तो भरायला पैसे द्यायचेत. दोन बाजूंनी भरता येतो, एक तर लोकांना लवकर कळवा, म्हणजे स्मोक डिटेक्टर आणि हूटर (भोंगा), किंवा धूर उशिरा पोचवा, म्हणजे दारं, भिंती, सील केलेला डक्ट, वरच्या बाजूला उघडी राहणारी जिन्याची खिडकी. कुठलाही खर्च समोर आला की विचारा, याने काकूंना किती मिनिटं मिळाली? उत्तर देता येत नसेल तर तो खर्च थांबवा.

बजेट कमी असेल तर मी आधी दुसऱ्या बाजूला पैसे लावते. भिंतीला वीज लागत नाही, दाराला बॅटरी लागत नाही, सील केलेल्या डक्टला एएमसी (वर्षाचं देखभालीचं कंत्राट) लागत नाही. उलट अलार्मचं पॅनल समजा तीन लाखांचं असेल तर त्याला वर्षाला तीस हजार एएमसी धरून दहा वर्षांत ते सहा लाखांचं होतं, आणि एखाद्या कमिटीने दोन वर्षं एएमसी भरली नाही की भिंतीवर फक्त डबा उरतो. म्हणून कोटेशनची तुलना कधीही नुसत्या पहिल्या खर्चावर करू नका, दहा वर्षांचा खर्च काढा. दारांची अडचण वेगळी, ती लोक वीट लावून उघडी ठेवतात. त्यावर उपाय डोअर क्लोजर आणि वॉचमनला स्पष्ट सूचना, आणि जिथे दिवसभर येजा आहे तिथे अलार्म वाजल्यावर आपोआप सुटणारं मॅग्नेट. डक्टचंही तसंच, सील केल्यावर पुढचा केबलवाला भोक पाडणारच, म्हणून डक्टला कुलूप आणि किल्ली ऑफिसात, काम झाल्यावर तपासल्याशिवाय डिपॉझिट परत नाही. आणि सीलिंग म्हणजे पीयू फोमचा कुठलाही डबा आणून फवारणं नव्हे, साधा फोम स्वतःच जळतो, आगरोधक म्हणून टेस्ट झालेलाच माल लागतो, त्याचा टेस्ट रिपोर्ट मागा, द्यायला टाळाटाळ झाली तर एजन्सी बदला.

मी एकदा एका सोसायटीत मॉक ड्रिलला गेले होते, सगळ्या लँडिंगवर चकचकीत होज बॉक्स, नवीन काच, नवीन स्टिकर. पाचव्या मजल्याचा व्हॉल्व्ह उघडला तर पाणीच नाही. टेरेसची टाकी भरलेली होती, पण फायरच्या लाइनचा व्हॉल्व्ह कुणी तरी गळती होते म्हणून बंद केला होता आणि विसरलं होतं. सगळ्यांचे चेहरे अजून आठवतात. त्यानंतर मी प्रत्येक ठिकाणी नवीन काही घ्यायच्या आधी जुनं चालतंय का ते बघायला लावते, पाणी सोडून, पंप चालवून, हूटर वाजवून. टाकीचंही बघा. घरगुती पाण्याचा पाइप फायरच्या पाइपपेक्षा वरच्या लेव्हलला काढलेला हवा, म्हणजे पाणी कितीही वापरलं तरी खालचं राखीव पाणी उरतंच, हा बदल प्लंबर थोड्या पैशात करून देतो. आणि फायर पंपाचं कनेक्शन मेन स्विचच्या आधी घेतलेलं हवं, आग लागली की पहिल्यांदा कुणीतरी मेन स्विच पाडतंच आणि पंप त्याच स्विचवर असेल तर पाणी तिथेच थांबतं.

वाचवता येतं अशा जागाही आहेत, आणि तिथे खुशाल वाचवा. अठ्ठावीस फ्लॅटला अ‍ॅड्रेसेबल पॅनल, म्हणजे नेमका कुठला डिटेक्टर वाजला ते दाखवणारं अलार्मचं पॅनल, लागतंच असं नाही, मजल्याप्रमाणे झोन दाखवणारं साधं कन्व्हेन्शनल पॅनल पुरतं, फक्त एनओसीत काय म्हटलंय ते एकदा बघून घ्या. रायझरचा सगळा पाइप बदलायचं कोटेशन आलं तर आधी प्रेशर टेस्ट करून मागा, बऱ्याचदा जमिनीखालचा तुकडाच सडलेला असतो. एक्स्टिंग्विशर चांगल्या अवस्थेत असतील तर रिफिल आणि हायड्रो टेस्ट (सिलिंडर दाब झेलतो का याची तपासणी) करून चालतात, नवीन घ्यायचे झाले तर आयएसआय मार्क बघून घ्या, एबीसी पावडरचे पॅसेजमध्ये आणि मीटर रूमपाशी सीओटू. एक्स्टिंग्विशरच्या बाबतीत एकच सांगते, तो सुरुवातीच्या छोट्या आगीसाठी असतो आणि काही सेकंदांत संपतो, त्यामुळे दहाच्या जागी वीस लावून बिल्डिंग दुप्पट सेफ होत नाही, त्या दहाच्या पैशात वॉचमन आणि घराघरातल्या एकेकाला तो प्रत्यक्ष चालवून दाखवा. प्रदर्शनात बघून आलेले फेकायचे बॉल, स्टेनलेस स्टीलचे बॉक्स, हे सगळं नंतर.

फुकटात किंवा थोड्या पैशात होणारी कामं तर आजच करा. लँडिंग मोकळी करा. गेटपासून बंब आत येईल एवढी वाट पार्किंग न करता सोडा, पिवळा पट्टा मारा, आणि बंबाचा पाइप जोडायचा इनलेट गाडीमागे झाकला जातोय का बघा. टेरेसच्या दाराचा प्रश्न प्रत्येक सोसायटीत असतो, चोऱ्या होतात, पोरं वर जाऊन बसतात म्हणून कुलूप, आणि आगीत खाली जाता येत नाही म्हणून वर धावलेला माणूस त्या कुलपाशी अडकतो. दोन्ही भीती खऱ्या आहेत. कुलूप काढून आतून सहज उघडणारी कडी आणि दार उघडलं की वॉचमनकडे वाजणारी बेल, हे काही हजारांत होतं आणि दोन्ही बाजू शांत होतात. तसंच ग्रिलचं. बॉक्स ग्रिल चारी बाजूंनी वेल्ड केलेली असेल तर अग्निशमनवाल्यांना ती कापत बसावं लागतं, प्रत्येक घरात एका तरी ग्रिलला उघडणारी खिडकी हवी आणि किल्ली तिथेच खिळ्याला. परळच्या क्रिस्टल टॉवरला २०१८ च्या ऑगस्टमध्ये आग लागली तेव्हा एका दहा वर्षांच्या मुलीने शाळेत शिकवलेलं आठवून शेजाऱ्यांना ओले सुती कापड नाकाला लावायला सांगितलं होतं. तिला जे माहीत होतं ते आपल्या बिल्डिंगमधल्या किती मोठ्यांना माहीत आहे ते एकदा विचारून बघा.

रिडेव्हलपमेंटला जात असाल तर तुमच्या हातात फार मोठी गोष्ट आहे आणि लोक ती कार्पेट एरियाच्या भांडणात घालवतात. कागदावर रेघ हलवायला काही लागत नाही, तीच भिंत नंतर बांधायला लाख लागतात. प्लॅन बघताना जिना पार्किंगपासून भिंतीने आणि दाराने वेगळा आहे का, मीटर रूम जिन्याखाली तर नाही ना, डक्ट प्रत्येक स्लॅबला बंद करणार का, केबल एफआरएलएस म्हणजे लवकर न पेटणारी आणि कमी धूर करणारी आहे का, स्प्रिंकलर पार्किंगपुरतेच की घरातही, हे अ‍ॅग्रीमेंटच्या आधी लिहून घ्या. आणि बाहेरून शोभेचे एसीपी पॅनल (दोन पातळ अॅल्युमिनियम पत्र्यांमध्ये दुसऱ्या कशाचा तरी थर असलेले) लावणार असतील तर आतला थर कशाचा आहे ते विचाराच. लंडनचा ग्रेनफेल टॉवर २४ मजल्यांचा, १४ जून २०१७ ला चौथ्या मजल्यावरच्या फ्रिजपासून आग लागली आणि बाहेरच्या पॅनलमधल्या पॉलिथिलीनमुळे ती बिल्डिंगभर चढली, ७२ माणसं गेली. त्या कामात झिंकच्या ऐवजी अ‍ॅल्युमिनियमचे पॅनल घेऊन साधारण २ लाख ९३ हजार पौंड वाचवले होते. अशी बचत सुचवणाऱ्यांच्या कागदावर बऱ्याचदा धूर, जिना, माणसं हा रकानाच नसतो, फक्त पॅनलचा दर असतो. तुमच्या बिल्डरने कुठलंही "सारखंच पण स्वस्त" मटेरियल सुचवलं तर तो रकाना तुम्ही वाढवा, आगीत हे कसं वागतं याचा टेस्ट रिपोर्ट त्याच सॅम्पलचा मागा.

पैसे एकदम नसतील तर टप्पे करा, पण टप्पे करताना मधल्या काळाचं काय ते लिहून ठेवा. काम पुढच्या वर्षावर ढकललं म्हणजे धोका पुढच्या वर्षावर गेला असं होत नाही. सिंकिंग फंडातून किती, दर फ्लॅटमागे किती, हे सर्वसाधारण सभेत ठराव करून, आणि ठरावात कोणतं काम का मागे ठेवलं हेसुद्धा लिहायचं, नवीन कमिटी आली की तिला ते कळायला हवं. इन्शुरन्स घ्या, जरूर घ्या, पण तो या हिशोबात बचत म्हणून धरू नका, त्याने भिंती परत उभ्या राहतात.

आमच्याकडे पहिल्या वर्षी मीटर रूम, डक्ट, जिन्याचं दार आणि चार्जिंगची लाइन झाली, दुसऱ्या वर्षी पंपाचं कनेक्शन आणि मजल्यांवर डिटेक्टर-हूटर. पार्किंगचे स्प्रिंकलर राहिलेत. तोपर्यंत पार्किंगमध्ये गाडीशिवाय काहीही ठेवायचं नाही, चार्जिंग रात्री अकरापर्यंतच, तिथे दोन डिटेक्टर थेट वॉचमनच्या केबिनला जोडलेत, आणि तो रात्री दोनला आणि चारला फेरी मारून रजिस्टरमध्ये वेळ लिहितो. सातव्या मजल्यावरच्या काकूंसाठी सहाव्यावरची दोन मुलं ठरलीयेत, हूटर वाजला की ती आधी वर जाणार. स्प्रिंकलरची तीन कोटेशनं आलीत, दहा वर्षांच्या खर्चासकट तक्ता केलाय, तो यंदाच्या एजीएमच्या नोटिशीला जोडून पाठवतेय.